दुकानातील वेष्टने : परिसर अभ्यासाचा एक पाठ
(इयत्ता चौथी व पाचवी)

परिसर अभ्यासात कचरा, पाणी, हवा हे विषय शिकविताना प्लॅस्टिकचा उल्लेख बहुधा येतोच. हा पाठ सामान्यतः कसा घेतला जातो, हे शाळाभेटीच्या निमित्ताने पुष्कळदा पाहावयास मिळते. शिक्षक फळ्यावर दोन रकाने आखतात. एकावर 'चांगले' व दुसऱ्यावर 'वाईट' असे लिहितात. कागद, कापड, पान ही नावे पहिल्या रकान्यात जातात आणि प्लॅस्टिक दुसऱ्यात. मुले एका सुरात उत्तरे देतात व पाठ वेळेत संपतो. मी स्वतः वर्गावर असताना असेच पाठ घेतले आहेत. तेव्हा पुढे जी टीका येईल ती प्रथम माझ्यावर आहे असे समजावे.

गतवर्षी एका द्विशिक्षकी शाळेत असा पाठ चालू असता मी मागे बसलो होतो. "या पिशव्या आपल्याला कोण देतो?" असा प्रश्न आला. "दुकानदार!" असे वर्ग गरजला. तिसऱ्या ओळीतील एका मुलाने मात्र मान खाली घातली. गावातील एकुलते एक किराणा दुकान त्याच्या वडिलांचे होते, हे मला सायंकाळी कळले; कारण एस.टी.ची वाट पाहत उभा असता ते गृहस्थ स्वतःच जवळ आले. म्हणाले, "साहेब, पोरगा घरी येऊन विचारतो, बाबा, आपण वाईट आहोत का? मी भांडायला आलेलो नाही. एवढंच सांगा, मी गोडेतेल कशात देऊ?"

त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत पाठ त्या प्रश्नातून तयार झाला आहे. पाठाचा हेतू मुलांस प्लॅस्टिकचा तिरस्कार शिकविणे हा नसून, वस्तूवरील वेष्टन तेथे कशासाठी आहे, ते कोणी घातले आणि वस्तू संपल्यावर ते कोठे जाते, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावणे हा आहे.

पहिल्या प्रश्नापासून आरंभ करावा. टेबलावर मिठाची पुडी, साबणाची वडी, अंडे, तेलाची पिशवी आणि औषधाची बाटली ठेवावी, आणि या वस्तूंवरील वेष्टन काढून टाकले तर काय होईल, असे विचारावे. मीठ पावसाळ्यात पाझरेल, अंडे फुटेल, तेल सांडेल, कोणते औषध कोणते ते कळणार नाही. मुलांच्याच उत्तरांतून वेष्टनाची कामे निघतात : वस्तू धरून ठेवणे, ती सुरक्षित राखणे, नेण्यास सोयीची करणे आणि आत काय आहे ते सांगणे. जे वेष्टन ही कामे करीत नाही ते कितीही निसर्गस्नेही असले तरी दुकानदार ते घेणार नाही. घेतले तर त्याचे नुकसान होईल. आणि नासलेले अन्न हाही कचराच होय. ते पिकविण्यासाठी लागलेले पाणी, खत व श्रम त्याच्याबरोबर वाया जातात, ही गोष्ट आपल्या पाठांतून बहुधा राहून जाते.

आता तेलाविषयी. पूर्वी गिऱ्हाईक घरून बाटली किंवा बरणी आणीत असे आणि दुकानदार डब्यातून मापाने तेल देत असे. त्यात वेष्टनाचा कचरा जवळजवळ नव्हता. ही पद्धत केवळ आळसाने किंवा चैनीने गेली असे मुलांस सांगू नये. १९९८ साली दिल्ली परिसरात मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. हजारो लोकांच्या पायांना व अंगाला सूज आली आणि साठांहून अधिक माणसे दगावली. पिवळा धोत्रा आपल्या मुलांस ठाऊक आहे. पडीक रानात व रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांचे, काटेरी पानांचे जे झुडूप उगवते तेच हे. त्याचे बी दिसावयास मोहरीसारखेच बारीक व काळपट असते. या घटनेनंतर केंद्र सरकारने त्याच वर्षी खाद्यतेल बंद वेष्टनातच विकावे असा आदेश काढला. म्हणजे त्या दुकानदाराच्या हाती जी सीलबंद पिशवी आहे, तिच्यामागे साठ माणसांचे मरण आहे. ती पिशवी फळ्यावरच्या कोणत्या रकान्यात घालावयाची, हे मला आजही सांगता येणार नाही.

येथे पाठाचा दुसरा प्रश्न येतो : हे वेष्टन कोणी घातले? या प्रश्नासाठी मुलांस दुकानात न्यावे. अर्थात दुकानदारास आधी विचारून, आणि गिऱ्हाइकांची गर्दी नसेल अशा वेळी. वहीत दोन याद्या कराव्यात. दुकानदार आपल्या हाताने ज्यात माल घालून देतो ती वेष्टने एका यादीत, आणि माल ज्यात बंद होऊन कारखान्यातून येतो ती दुसऱ्या यादीत. साखर, डाळ, शेंगदाणे, गूळ, पोहे, हळद हे पहिल्या यादीत येतील. बिस्किटे, वेफर्स, साबण, शाम्पूच्या पुड्या, तेल हे दुसऱ्या यादीत. आम्ही हा प्रयोग केला तेव्हा दुसरी यादी पहिलीपेक्षा पुष्कळच लांब झाली आणि वर्गात थोडी शांतता पसरली. बिस्किटाचा पुडा कशाचा असावा हे गावच्या दुकानदाराने ठरविलेले नसते. त्याच्या हातात आहे ती फक्त पहिली यादी.

दुसऱ्या यादीची जबाबदारी कोणाची, यासंबंधी कायद्याने काही सांगितले आहे व ते शिक्षकांस माहीत असावे. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी आणि विशेषतः फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी असे ठरविले की, जो उत्पादक किंवा ज्या नावाची कंपनी प्लॅस्टिक वेष्टनात माल बाजारात आणते, तिनेच ठरावीक प्रमाणात तो कचरा गोळा करून त्याचा पुनर्वापर वा विल्हेवाट करवून घ्यावी. पहिल्या यादीसाठी आपल्या राज्याची २३ मार्च २०१८ ची अधिसूचना आहे. तिचा भंग केल्यास पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड आहे. देशपातळीवर १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, पेंढे (स्ट्रॉ), मिठाईच्या खोक्यावर गुंडाळण्याचा पातळ पापुद्रा इत्यादी वस्तूंवर बंदी आली. पिशव्यांची जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा कमी असता कामा नये. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे पाचवीच्या मुलांस दशांश अपूर्णांकाच्या जोडीने सहज शिकविता येते. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे सांगितले की मुले लगेच आपला केस उपटून पाहतात. ती त्यांची हौस पुरवावी.

जाडी वाढविल्याने प्लॅस्टिक कमी कसे होईल, असा प्रश्न हुशार मुलगा विचारतोच. त्याचे उत्तर कचरा वेचणाऱ्या भगिनींच्या हिशेबात आहे. केसापेक्षाही पातळ पिशवीचे वजन इतके अल्प असते की शेकडो पिशव्या वाकून उचलाव्या तेव्हा किलोभर माल होतो, आणि तोही मळलेला. यास्तव ती कोणी उचलत नाही. ती गटारात जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या महापुरात तुंबलेल्या गटारांचा व त्यांतील पिशव्यांचा बोभाटा झाला, आणि पुढे राज्याने २००६ साली पातळ पिशव्यांवर निर्बंध आणले. जाड पिशवीला मात्र थोडी किंमत असते. ती गिऱ्हाईक जपून ठेवते, आणि टाकली तरी कोणी वेचते. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी आपली संघटना स्थापन केली, तिचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' असे आहे. हे नाव फळ्यावर लिहून मुलांस विचारावे की, कचऱ्यातील नेमक्या याच तीन वस्तू नावात का आल्या असतील.

याच ठिकाणी वेफर्सचे रिकामे पाकीट वर्गात फिरवावे. आतील बाजू चकचकीत असते, कारण प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा दिलेला असतो. त्यामुळे उजेड, हवा व ओल आत शिरत नाही. पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन वायू भरतात, म्हणून तेल खवट होत नाही. वेष्टनाचे संरक्षणाचे काम इतक्या उत्तम रीतीने करणारी वस्तू सापडणे कठीण. पण हे थर एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत, म्हणून भंगारवाला ते पाकीट घेत नाही. जे वेष्टन माल असेतो सर्वांत गुणी, तेच माल संपल्यावर सर्वांत निरुपयोगी, हा विरोध मुलांच्या ध्यानी आला की पाठाचा निम्मा भाग साधला असे मी समजतो.

मग व्यापारी वेष्टन बदलतात ते केव्हा? निसर्गावरील प्रेमाने फार थोडे बदलतात, आणि त्यात त्यांस दोष देण्याचे कारण नाही. आंब्याचे उदाहरण घ्यावे. कोकणातून हापूस पूर्वी लाकडी पेटीत, भाताच्या पेंढ्यात घालून मुंबईस जात असे. आज तो मोठ्या प्रमाणावर पुठ्ठ्याच्या खोक्यातून जातो. लाकूड महागले, पेटी जड, खिळे फळास लागतात, आणि खोक्यावर बागेचे नाव छापता येते. म्हणून हा बदल झाला. झाडे वाचली ती या हिशेबाच्या मागोमाग.

पुठ्ठ्याला बळ कोठून येते, हे दाखविण्यासाठी दोन विटा थोड्या अंतरावर ठेवून त्यांवर वहीचा एक कागद आडवा ठेवावा व त्यावर खडूचा डबा ठेवावा. कागद खाली बसतो. आता त्याच कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घालून तो पुन्हा ठेवावा. तोच कागद डबा पेलतो. दोन सपाट कागदांमध्ये असा नागमोडी कागद खळीने चिकटविला की खोक्याचा पुठ्ठा होतो. १८५६ साली इंग्लंडात अशा घडीच्या कागदाचे पहिले पेटंट घेतले गेले ते टोप्यांच्या आतील अस्तरासाठी, आणि १८७१ साली अमेरिकेत तो बाटल्या गुंडाळण्यासाठी वापरण्याचे पेटंट झाले. शेवटी त्या घडीच्या कागदावर पाणी शिंपडावे. डबा कोसळतो, वर्ग हसतो, आणि पावसाळ्यात व्यापारी पुठ्ठ्यावरून पुन्हा प्लॅस्टिककडे का वळतो हे निराळे सांगावे लागत नाही.

हिशेबाखेरीज बदलाचे दुसरे कारण म्हणजे सर्वांस सारखा लागू होणारा नियम. एकट्या दुकानदाराने पिशवी देणे बंद केले तर गिऱ्हाईक बाजारपेठेतील दुसऱ्या दुकानात जाते. सर्वांनी एकाच दिवशी बंद केले तर कोणाचेच गिऱ्हाईक जात नाही. मोठ्या कंपन्यांचेही असेच. २०२२ साली पेंढ्यांवर बंदी येणार असे ठरले तेव्हा फळांच्या रसाचे व दुधाचे छोटे खोके विकणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी मुदत वाढवून मागितली. ती मिळाली नाही, आणि कागदाच्या किंवा वनस्पतिजन्य पिष्टापासून केलेल्या नळ्या आल्या. कागदी नळी रस संपण्यापूर्वीच मऊ पडते, अशी मुलांची तक्रार आहे व ती खरी आहे; ती वहीत लिहून घ्यावी.

तिसरा मार्ग सर्वांत जुना : वेष्टन परत घेणे. गोळीची सोडावॉटरची बाटली १८७२ च्या सुमारास इंग्लंडात हायरम कॉड याने काढली. आपल्याकडे ती अजूनही कोठे कोठे दिसते. बाटली दुकानातच रिकामी करून परत द्यावयाची, असा तिचा रिवाज. मुंबईत आरे वसाहतीचे दूध काचेच्या बाटल्यांतून मिळत असे, तेव्हा रिकामी बाटली परत केल्यावर भरलेली हाती पडे. त्या व्यवस्थेस धुण्याचे पाणी, सोडा, बाटल्यांची फूट आणि काचेचे वजन वाहण्याचा खर्च हे सर्व होतेच. म्हणून ती जशीच्या तशी परत आणावी असे मी म्हणणार नाही. पण तेथे वेष्टन कोठे जाते या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गिऱ्हाइकास ठाऊक होते.

कागद व कापड यांच्याविषयी दोन सूचना. वर्तमानपत्राच्या पुडीत भजी किंवा वडे देणे हे प्लॅस्टिकपेक्षा बरे, असे काही शिक्षक शिकवितात. हे शिकवू नये. छपाईची शाई गरम व तेलकट पदार्थात उतरते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी अन्नासाठी वर्तमानपत्राचा वापर निषिद्ध केला आहे. पळसाच्या पानांची पत्रावळ व द्रोण यांना असा दोष नाही. ज्या भागात पळस आहे तेथे पत्रावळ लावणाऱ्या एखाद्या आजीला शाळेत बोलवावे. काडीने पान टाचण्याची तिची हातोटी मुलांनी पाहावी.

दुसरी सूचना कापडी पिशवीसंबंधी. बाजारात रंगीत, मऊ, कापडासारख्या दिसणाऱ्या ज्या पिशव्या मिळतात त्यांची कडा नखाने उसवून पाहावी. खऱ्या कापडातून उभा-आडवा धागा निघतो. या पिशव्यांतून धागा निघत नाही, नुसता कापसासारखा तंतू सुटतो. कारण त्या विणलेल्या नसून दाबून केलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच असतात. आणि खरी सुती पिशवीही केवळ सुती आहे म्हणून चांगली ठरत नाही. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, पृथ्वीच्या तापमानवाढीच्या दृष्टीने, एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीशी बरोबरी करावयास नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. कागदी पिशवी ३ वेळा वापरावी लागते, आणि ती तितकी टिकतेच असे नाही. यात गटार तुंबणे किंवा गुराच्या पोटात पिशवी जाणे यांचा हिशेब धरलेला नाही, हेही सांगावे. तथापि १३१ हा आकडा पाचवीच्या गणितास उत्तम आहे. आठवड्याच्या बाजारालाच पिशवी नेली तर १३१ वेळा होण्यास किती वर्षे लागतील? अडीच वर्षांहून थोडी अधिक. रोज नेली तर? सव्वाचार महिने. मग घरातील पिशवी किती जुनी आहे ते आईस विचारून यावे. आजीच्या जुन्या लुगड्याची किंवा वडिलांच्या विटलेल्या सदऱ्याची पिशवी या हिशेबाच्या बाहेर राहते, कारण तिच्यासाठी नवा कापूस पिकविलेला नसतो. कार्यानुभवाच्या तासाला अशाच पिशव्या शिवाव्यात; नवे मांजरपाट विकत आणून त्यावर घोषणा रंगविण्यात पैसा व वेळ घालवू नये.

याखेरीज एक प्रयोग असा आहे की तो एका तासात होत नाही. मृगाच्या सुमारास शाळेच्या आवारात हातभर खोल खड्डा करून त्यात पत्रावळीचा तुकडा, वर्तमानपत्र, सुती चिंधी, वेफर्सचे पाकीट व एक प्लॅस्टिक पिशवी पुरावी, वर खुणेची काठी रोवावी आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर खड्डा उघडावा. वर सांगितलेल्या शाळेत हा खड्डा केला तेव्हा त्या दुकानदाराने आपण होऊन एक हिरवट पिशवी दिली. तिच्यावर ती कुजून खत होते असे छापलेले होते. साध्या पिशवीपेक्षा ती त्यांस महाग पडते, पण मुलाने घरी तो प्रश्न विचारल्यापासून ते तीच आणू लागले होते.

सुट्टीनंतर खड्डा उघडला तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. वडीलही दुकान थोडा वेळ बंद करून आले होते. पत्रावळीच्या फक्त काड्या उरल्या होत्या. वर्तमानपत्राचा काळा लगदा झाला होता. चिंधीला मोठमोठी भोके पडली होती. वेफर्सचे पाकीट नळाखाली धरताच त्याचे सर्व रंग उजळले. मुलाने त्यावरील किंमत व तारीख मोठ्याने वाचून दाखविली. हिरवट पिशवी मात्र थोडी विटली होती, एवढेच. वडिलांनी ती हातात घेतली, ताणून पाहिली आणि माझ्याकडे पाहिले.

मी त्यांस जे सांगितले तेच येथे लिहितो. अशा पिशव्यांसाठी प्रमाणक आहे, आणि उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेतलेले असावे लागते. पिशवीवर त्याचा उल्लेख आहे का ते प्रथम पाहावे. पण प्रमाणपत्र असले तरी ती पिशवी कुजते ती मोठ्या खत-कारखान्यातील ढिगात, जेथे उष्णता सुमारे ५८ अंश सेल्सिअसपर्यंत राखली जाते. गावच्या ओल्या मातीत तशी उष्णता नसते. छापलेले वाक्य कदाचित खोटे नसेल; त्यात जागा सांगावयाची राहिली आहे. "म्हणजे माझे पैसे गेले," ते म्हणाले. मी नाही म्हणू शकलो नाही. तेव्हा मुलाने विचारले की, आपल्या शाळेच्या खतखड्ड्यात शेण व पालापाचोळा घालून ढीग केला तर तो किती तापेल? गुरुजींनी प्रयोगपेटीतील तापमापक शोधून काढला आहे. पिशवी त्या ढिगात ठेवली असून, दर सोमवारी तापमान नोंदविण्याचे काम तिसऱ्या ओळीतील त्या मुलाकडे दिले आहे. ढीग मृगापूर्वी उघडावयाचा आहे.